एका परातीतलं जेवण

मालांग तेंदेंग धावत्या पट्ट्यावरून कोसळला, तेव्हा इंग्लंडहून आलेल्या डॉक्टरने आधी यंत्राकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे. एकोणीस वर्षांचं पोर, फ्रान्समध्ये नॉर्मंडीतल्या छोट्या फुटबॉल क्लबात भल्याभल्यांना दमवणारं. आणि त्याचं हृदय विझत्या चुलीसारखं धुगधुगत होतं.

"असं हृदय घेऊन आमच्याकडे खेळता येणार नाही," डॉक्टर म्हणाला. इंग्लंडच्या क्लबशी होणारा करार तिथेच अडकला.

क्लबची सुरक्षा पाहणाऱ्या रोकाया सेकला लगेच बोलावणं गेलं. बाई निवृत्त पोलीस निरीक्षक, मालांगसारखीच सेनेगलची. दुसऱ्या दिवशी रक्ताचा अहवाल आला. पोराचं हृदय ठणठणीत होतं, पण रक्तात रक्तदाबाच्या गोळ्यांचं औषध होतं, तेही भरपूर. इंग्लंडवाल्यांना वाटलं, त्यानेच काही लपवायला घेतलं असणार. शुक्रवारपर्यंत खुलासा झाला नाही, तर ते दुसरा खेळाडू पाहणार होते.

रोकायाने क्लबचा मालिशवाला जेरोम याला समोर बसवलं. मालांगला तपासणीला त्यानेच गाडीतून नेलं होतं.

"वाटेत काय पाजलंस त्याला?"

"लिंबाचं सरबत. घरी केलेलं."

"तू प्यायलास?"

"नाही. मला मधुमेह आहे."

"बराच सोयीचा दिसतोय तुझा मधुमेह."

जेरोमचे कान लाल झाले. "तो दुपारी कुठे जेवला, ते नाही विचारलंत?"

"मी होते त्या जेवणाला! एकाच परातीतून सगळे जेवलो. मला काय झालं?"

सगळ्या संघासमोर त्याची पिशवी जमिनीवर रिकामी केली गेली. संध्याकाळी त्याला कामावरून घरी बसवलं.

मग बाटलीतल्या उरलेल्या सरबताच्या तपासणीचा अहवाल आला. साखर, लिंबू, बस्स. रोकायाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती जेरोमच्या घरी गेली. त्याने दार उघडलं, तिची माफी ऐकून घेतली आणि दार लावलं.

परत येताना ती ते जेवण पुन्हा आठवू लागली. मालांग त्याचा चुलतभाऊ बाबाकार याच्याकडे राहायचा. बाबाकारच्या बायकोने, नाफीने, मासा-भात केला होता. "भात अळणी लागेल हं, ताई. माझ्या रक्तदाबापायी सगळ्यांना शिक्षा," ती हसली होती. सगळे परातीभोवती बसले. मालांगची नजर रोकायासमोरच्या गाजरावर गेली, तेव्हा तिने दटावलं होतं, "ए, ते माझ्या बाजूचं आहे!" नाफीने मासा सोडवायला हात पुढे केला, तर बाबाकार म्हणाला, "राहू दे, आज मी वाढतो. पोराचा मोठा दिवस आहे." मिरचीचं सारण भरलेला पोटाकडचा तुकडा त्याने मालांगपुढे सारला होता. आणि रोकाया कौतुकाने म्हणाली होती, "भाऊ असावा तर असा!"

ती वाटेतच थांबली. मग सरळ बाबाकारच्या घरी गेली. तिघेही घरात होते.

"नाफी, तुझ्या गोळ्या कमी पडल्या का गं?"

"पडल्या ना! औषधवाल्याशी भांडून आले मी, पाकीट अर्धंच दिलंत म्हणून."

बाबाकारने मान खाली घातली.

"परात एक होती म्हणून मी जेवणावर संशयच घेतला नाही," रोकाया म्हणाली. "आपल्यात परात एक असते, पण जेवतो जो तो आपल्या बाजूचं. दुसऱ्याच्या बाजूला हात घातला, तर आई चापट मारते. परक्या माणसाला हे कळलं नसतं, पण मला कळायला हवं होतं. मालांगच्या बाजूला फक्त एकच हात गेला, वाढणाऱ्याचा. रोज नाफी वाढते, त्या दिवशी तिला थांबवून तू वाढलंस. गोळ्यांचा कडूपणा सारणातल्या मिरचीत लपला. खरं की नाही, बाबाकार?"

"खरं आहे, ताई."

"अरे, पण का?"

"करार झाला की आपल्या गावाकडचे, डकारचे टीव्हीवाले इथे येणार होते. या घरात. मीही खेळायलाच आलो होतो. गुडघा गेला. घरी सांगितलं, क्लबात प्रशिक्षक झालोय. मी गोदामात खोकी उचलतो, ताई! वाटलं, करार थोडा लांबेल, तोवर काहीतरी सुचेल. तो असा पडेल हे मनातही नव्हतं."

नाफीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रोकायालाही कुणाकडे पाहवेना. पोराला विष त्याच्याच माणसाने वाढलं होतं, आणि तिने वर शाबासकी दिली होती.

"इंग्लंडच्या डॉक्टरला हे तुलाच सांगावं लागेल," ती म्हणाली. "तुझ्या तोंडाने. तरच मालांगचं नाव स्वच्छ होईल."

"सांगतो. पोलिसांनाही सांगतो. फक्त घरी कळू देऊ नका. माझ्या आईला तरी नको."

मालांग इतका वेळ भिंतीला टेकून उभा होता.

"दादा, तिला ठाऊक आहे," तो हळूच म्हणाला. "मी इथे आलो त्याच वर्षी फोनवर माझ्या तोंडून निघून गेलं. मोठी आई म्हणाली, आम्हाला केव्हाचं कळलंय. तू काही बोलू नकोस. त्याला लाज वाटेल."

 बाबाकारने रोकायापुढे हात केला.

"त्या डॉक्टरला फोन लावून द्या, ताई."