रिकाम्या गाडीचं वजन

दिवा जरा माझ्याकडे सरकवा. हां, तिथेच राहू दे. संध्याकाळनंतर मला हल्ली फार बोलवत नाही, पण तुम्ही गाडीचं काय झालं म्हणून विचारलंत, आणि ती गोष्ट अर्धी सांगून चालत नाही. अर्धी ऐकणारे म्हणतात, डिझेलला भिऊन म्हाताऱ्याने धडधाकट गाडी भंगारात घातली. म्हणोत बापडे.

आमची लाँड्री. धंदा वडिलांपासूनचा, पण मोठं काम आणलं ते मी, इस्पितळाचं. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. सकाळी मळकी गाठोडी आणायची, दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या घड्या पोचवायच्या. त्यासाठी ती बंद पाठीची गाडी घेतली. घेतली तेव्हाच ती कुणाची तरी वापरून झालेली होती आणि डिझेल ढोसत होती, पण काम होतं तोवर तिचं खाणं कुणी काढलं नाही. पुढे इस्पितळाने स्वतःची यंत्रं बसवली. आमच्याकडे उरले घरगुती कपडे, स्कूटरच्या पुढ्यात मावतील एवढे. गाडी मात्र राहिली. बायको म्हणायची, "खायला काळ अन् भुईला भार." रोज म्हणायची. खरं होतं ते, पण खरं ऐकायचाही माणसाला कंटाळा येतो.

गंमत अशी, की काम गेल्यावर गाडी रिकामी धावायला लागली आणि डिझेल पहिल्यापेक्षा जास्त प्यायला लागली.

मिस्त्री आमचा जुना माणूस. त्याने टाकी पाहिली, गळत नव्हती. पंप पाहिला, फिल्टर बदलला, चाकं जॅकवर घेऊन हाताने फिरवून पाहिली. शेवटी म्हणाला, "मालक, एक चक्कर मारून येऊ."

पुलाचा चढ लागला तशी गाडी कण्हायला लागली. दुसरा गिअर टाकला, मग पहिला. मिस्त्री आधी आरशात बघत होता, मग मान वळवून आमच्या पाठीमागच्या जाळीतून आत बघायला लागला.

"मागं काय भरलंय?"

"काय असणार? सकाळी तूच झाडून काढलीस ना?"

गॅरेजपाशी उतरल्यावर मागच्या चाकाजवळ उकिडवा बसून त्याने मला बोलावलं. "हे स्प्रिंगचे पाटे बघा. नवे टाकलेत मी. पार सपाट झालेत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "गाडीत दोष नाही मालक. गाडी... भरलेली आहे."

मी हसलो. तो हसला नाही. हात पुसत पुसत दुसऱ्याच्या गाडीकडे निघून गेला.

घरी येताना मला मावशी आठवली. मावशी म्हणजे इस्पितळातली जुनी आया. तिथल्या वरच्या मजल्यावर कोपऱ्यात एक खोली होती, जिथे नेलेला माणूस सहसा चालत बाहेर येत नसे. त्या खोलीतल्या चादरी मावशी कधी गुंडाळून देत नसे. एकेक चादर खिडकीबाहेर धरायची, दोनदा जोरात झटकायची आणि मगच गाठोड्यात ठेवायची. मी घाई करायचो. "अहो मावशी, धुवायलाच तर नेतोय." त्यावर तिचं ठरलेलं, "धू रे बाबा. पण इथलं इथं राहू दे."

मावशी निवृत्त झाली. नंतरच्या पोरी कामाने पिचलेल्या. चादर ओढायची, बोळा करायचा, गाठोड्यात कोंबायचा. त्यांना तरी काय बोलणार? मी ती गाठोडी आणत राहिलो, काम सुटेपर्यंत. कापड धुऊन परत जात होतं. कापडाबरोबर आणखी जे काही येत असेल, ते धुतलं जात नव्हतं आणि परतही जात नव्हतं.

हे मी कुणाजवळ बोललो नाही. बोलून वर वेड्यात कोण निघणार? तसाही मी त्या दिवसांत इतका दमलेला असायचो, की भुताखेताचा विचार करायलाही अंगात त्राण लागतं, ते नव्हतं.

पण लेक येणार होती. दोन वेळा कूस रिकामी झाल्यावर तिचं हे मूल टिकलं होतं. जावई कामासाठी परगावी, म्हणून तान्ह्याला घेऊन ती काही महिने आमच्याकडे राहणार होती. बायकोने रस्त्याकडची खोली धुऊनपुसून लख्ख केली. पडदे धुतले, पलंग खिडकीपासून लांब सरकवला, पुन्हा जवळ सरकवला. आणि त्याच खिडकीखाली ती गाडी उभी असायची. भर दुपारी, किल्ली माझ्या खिशात, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि गाडीचे पाटे करकरायचे. थांबून थांबून करकरायचे. फार वेळ दाटीवाटीने बसलेली माणसं जरा अवघडलेलं अंग हलवतात, तसा तो आवाज होता. मग खिडकीतून वास यायचा. फिनेल, औषधं आणि न वाळलेलं कापड.

"बाळ यायच्या आत ही दारातून हलवा," बायको म्हणाली. "कुठेही न्या. फुकट द्या."

तिला बिचारीला फक्त धूर आणि अडगळ दिसत होती. मला भीती वाटत होती, सरळ सांगतो. माझं काय, माझं जगून झालंय. पण त्या लेकराच्या अंगावरून ते वारं जाता कामा नये, एवढं एकच डोक्यात बसलं होतं.

मेहुण्याकडे जगातल्या सगळ्या अडचणींवर उपाय असतो, फक्त स्वतःच्या सोडून. तो म्हणाला, "भावोजी, भंगारात कशाला घालता? मी गिऱ्हाईक आणतो." आणि आणलं. भाजी विकणारं जोडपं, नुकतं लग्न झालेलं. नवरा इंजिन उघडून बसला. त्याची बायको मागून आत चढली, किती क्रेट मावतील ते बघायला. बराच वेळ ती आत होती. उतरली तेव्हा एवढ्या उन्हात तिने पदर अंगाभोवती घट्ट लपेटून घेतला होता.

"काय गं, मावेल ना माल?" नवऱ्याने विचारलं.

"कसा मावेल? मागं जागाच कुठाय?"

नवरा हसला, मेहुणाही हसला. मागची दारं सताड उघडी होती आणि आत नुसता मोकळा पत्रा तापत पडला होता. ती थट्टा करत नव्हती. जे वाटलं ते बोलून गेली होती, आणि आता स्वतःच बावरून आत बघत होती. मी तिच्या नवऱ्याला सांगितलं, इंजिन गेलेलं आहे, तुम्हाला फसवायचं नाही, दुसरी बघा. मेहुणा माझ्यावर असा भडकला की विचारू नका.

"मग एखाद्या संस्थेला तरी द्या. पुण्य लागेल!"

"आपल्या गळ्यातलं लोढणं दुसऱ्याच्या गळ्यात बांधून कसलं पुण्य रे?"

तो पाय आपटत गेला. पण माझं ठरलं ते तिथेच. ही गाडी कुणाला विकायची नाही, दान करायची नाही, कुठे बेवारस सोडायची नाही. तोडायची. पत्रा वेगळा, इंजिन वेगळं, सगळं भट्टीत. लोखंडाचं पाणी झालं की त्यात कोण बसणार?

लेक ज्या दिवशी येणार होती, त्याच दिवशी दुपारी गाडी घेऊन निघालो. रस्ता काही लांब नव्हता, पण मला तो सरता सरेना. सायकलवाले पुढे निघून जात होते. मी आरशात बघत नव्हतो. पाठीमागच्या जाळीला माझी मान जवळजवळ टेकत होती आणि मानेवर गार लागत होतं. इंजिनची एवढी धग, आणि मान गार.

भंगारवाल्याचं मैदान म्हणजे तुटक्या गाड्यांची रांगच रांग. मधोमध जमिनीत बसवलेला वजनकाटा. गाडी त्याच्यावर उभी केली. भंगारवाला खोलीत बसून काट्याचे आकडे बघत होता. त्याने एकदा कागद पाहिले, एकदा आकडा पाहिला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"काका, दगड भरलेत का?"

"दगड कशाला भरू?"

"लोक भरतात हो. वाळूसुद्धा भरतात. कागदावरच्या वजनाच्या दुप्पट दाखवतोय काटा. मागचं उघडा बघू."

मी उतरलो. कधी एकदा हे संपतं आणि घरी जाऊन नातवाचं तोंड बघतो, असं झालं होतं. आणि पुढचं जे झालं, ते माझ्या हाताने झालं, डोक्याने नाही. उभा जन्म मी एकच काम केलं होतं. लाँड्रीपुढे गाडी लावायची, मागे जायचं, दोन्ही दारं उघडून कड्यांना अडकवायची, पत्र्यावर थाप मारायची आणि गाठोड्यांना म्हणायचं, "चला, उतरा." आतल्या धुणाऱ्या बाया हसायच्या, मालक गाठोड्यांशी बोलतो म्हणून. मग मी पुढे आणि गाठोडी माझ्या मागोमाग, असे आम्ही आत जायचो.

दारं उघडली. कड्या अडकवल्या. हात आपोआप उठला आणि पत्र्यावर थाप पडली.

"चला, उतरा."

पाटे करकरले. गाडीचं मागचं अंग बोटभर वर आलं. थांबलं. पुन्हा बोटभर आलं... पुन्हा थांबलं... भरल्या गाडीतून एकेक माणूस पायरीवर पाय देऊन खाली उतरतो ना, तसं. काहींना उतरायला वेळ लागत होता. माझ्या खांद्याजवळून फिनेलचा गार वास जायला लागला, तो जातच राहिला. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा गाडी उंच उभी होती, मी ती घेतली त्या दिवशी होती तशी.

भंगारवाला धावत बाहेर आला. "काय काढलंत?"

"काही नाही."

त्याने आत पाहिलं, वाकून खाली पाहिलं, माझे हात पाहिले. मग माझ्यापासून दोन पावलं मागे सरकला.

"काका... तुमच्याबरोबर कोण कोण आलंय?"

"मी एकटाच आलोय बाबा."

त्याने किल्ली माझ्या हातातून घेतली नाही. जमिनीवर ठेवा म्हणाला. आणि खोलीत जाऊन आतून कडी लावून घेतली.

मी तिथून चालत निघालो. खोटं का बोलू, मला हायसं वाटत होतं. काय उतरलं असेल ते त्या मैदानात उतरलं, आता तिथल्या लोखंडात राहो नाहीतर हवेत जावो. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं. पाय ओढत, मध्ये मध्ये कठड्यांवर बसत मी घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती.

दार लेकीने उघडलं. खांद्यावर बाळ झोपलेलं, मुठी मिटलेल्या. केवढंसं ते.

"दमलात ना बाबा? या."

मी आत आलो, चपला काढल्या, खुर्चीत बसलो. बायकोने पाणी आणून दिलं.

"गेली का एकदाची?"

"गेली."

"सुटलो बाई," ती म्हणाली, आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. मलाही भरून आलं. वाटलं, आता या घरात नुसतं बाळाचं रडणं ऐकू येईल, दुसरं काही नाही.

पाणी पिऊन झालं तरी पाठीला गार लागत होतं. मी वळून पाहिलं. लेक अजून दारातच उभी होती. एका हाताने बाळाला धरलेलं, दुसऱ्या हाताने दार भिंतीशी दाबून धरलेलं, अंग चोरून, वाट देऊन.

"अगं, दार लाव ना. बाळाला वारं लागेल."

"लावते बाबा," ती सहज म्हणाली. "सगळ्यांना आत तर येऊ द्या."

आणि बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत ती आणखी थोडी बाजूला सरकली.