फाट्यापर्यंत आलेलं पाणी

"मामाऽ, पाणी सोडा!"

पेटलेल्या कापडाच्या गोदामातून, धुराच्या पोटातून आलेली ती हाक कोरड्याने ऐकली त्याला वर्षं लोटली. हाक आत शिरलेल्या गवईची होती. त्यात चूक होणं शक्यच नव्हतं, कारण फायर स्टेशनात पाण्याचे होज गुंडाळताना रोज तोच गळा लागायचा. गाणंही त्याचंच, जुळवलेलं:

लांबच लांब बाय माझी, पोट तिचं पाण्याचं,
शेपूट धरून मागं यावं, दार दिसं घराचं.

धुरात डोळे कामाचे नसतात. होज चाचपत मागे सरकलं की दार सापडतं, एवढंच त्या गाण्यात होतं. गवई मागे आला नाही. त्याच्या हातातला होज सापडला तो आतून ठणठणीत कोरडा.

त्या दिवशी पंपावर कोरड्याच होता. पंपापासून होज निघतो, वाटेत लोखंडी फाटा लागतो आणि फाट्याची मूठ फिरवली की पाणी पुढे आत जातं. त्या मुठीपाशी मामा होते. कोरड्याने चौकशीत घसा फोडून सांगितलं, की हाक आली होती, दाबाचा काटा वर होता, पाणी सोडलं होतं. पण भिंत कोसळली ती नेमकी पंप आणि फाटा यांच्यामधल्या होजवर. होज फाटला, पाणी मातीत गेलं, पुरावाही त्याच्याबरोबर गेला. मामा खाली बघत म्हणाले, "मूठ उघडी धरून उभा होतो मी. पाणी आलंच नाही. आणि हाक? मला तरी ऐकू आली नाही बुवा."

मामांचा शब्द म्हणजे स्टेशनातला शेवटचा शब्द. गवईच्या बायकोने भेटायला आलेल्या सगळ्यांच्या हातचं पाणी घेतलं, एका त्याच्या सोडून. पुढे कधीतरी मामांनीच हसत हसत त्याला 'कोरड्या' म्हटलं आणि ते नाव अंगाला चिकटलं. वाईट एवढंच, की त्याला सांभाळलंही मामांनीच. आजारी पडला तर डबा आणला, रागावून नोकरी सोडायला निघाला तर दारात आडवे झाले. अशा माणसावर संशय तरी कसा घ्यायचा?

आता मामा निवृत्त होणार होते. ते गेले की त्या मुठीपाशी उभं राहिलेलं कुणीच उरणार नव्हतं.

"मामा, एकदाच सांगा. हाक आली होती ना?" स्टेशनच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता त्याने पुन्हा विचारलं.

"झालं याचं सुरू!" पथकातला पैलवान चुलीपाशी उभा होता. "अरे, जाताना तरी म्हाताऱ्याला सुखाने जेवू दे."

"नाही रे बाबा," मामा म्हणाले. सुरी मात्र त्यांच्या बोटाला लागली.

त्याच दुपारी पहिल्यांदा घडलं. धुतलेले होज अंगणात वाळत पडले होते. ते ओलांडताना कोरड्याचा पाय एकावर पडला आणि तो दचकला. चपट्या होजवर पाऊल पडावं तसं ते पडलंच नव्हतं. पायाखाली माणसाची पोटरी आली असावी, असं घट्ट लागलं. होज टम्म भरलेला होता. त्याने दोन्ही टोकं पाहिली. दोन्ही उघडी, कशालाच न जोडलेली. तोंडातून थेंब नाही. त्याने वाकून हात ठेवला. आतून पाणी वाहताना होज थरथरतो, तशी बारीक थरथर तळव्याला जाणवली. मग हाताखालीच तो हळूहळू बसला.

त्या होजवर ठिगळ होतं. गोदामात भिंतीखाली फाटलेला तोच, दुरुस्त करून सरावाला ठेवलेला.

दोन दिवसांनी तो तसाच फुगलेला सगळ्यांनीच पाहिला. "घ्या, कोरड्याने शेवटी पाणी सोडलं!" पैलवान खिदळला. कुणीच हसलं नाही, तेव्हा त्याचंही हसू ओठांवर वाळलं. स्टेशनचे साहेब म्हणाले, हवा असेल आत, उन्हाने फुगली असेल. टोकं उघडी होती, हे साहेबांना कुणी सांगितलं नाही. मामा तेवढ्यात न सांगताच आत निघून गेले होते.

मग मामांचा शेवटचा सराव आला. ऊन लख्ख होतं. अंगणात होज मांडला. बंबाजवळून सुरुवात, मधे फाटा, पुढचा होज सरावाच्या धुराच्या खोलीत. खोलीत अजून धूर सोडला नव्हता, कुणी गेलंही नव्हतं. दार होजपुरतं किलकिलं. मामा सवयीने फाट्यापाशी उकिडवे बसले. पंप बंद होता. होज बंबाला जोडायचा होता अजून. त्याचं लोखंडी तोंड कोरड्याच्या हातातच होतं.

ते तोंड जड झालं.

ठिगळाचा होज त्याच्या पायांपासून फुगत निघाला. सळसळत अंगण ओलांडून फाट्याला भिडला आणि थांबला. फाट्याअलीकडे होज दगडासारखा. पलीकडे चपटा, कोरडा.

मूठ बंद होती.

"आलं होतं," कोरड्या पुटपुटला. "पाणी इथवर आलं होतं."

पैलवानाने त्याच्याकडे पाहिलं, मग मामांकडे. साहेबांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं.

तेवढ्यात पलीकडचा होज हलला.

हातभर आत गेला. थांबला. पुन्हा हातभर. गुडघ्यांवर रांगणारा माणूस होज ओढून घेतो, तसा.

फाटा जागचा सरकला. मामांच्या हातासकट.

"मामा," कोरड्या म्हणाला, "त्या दिवशी मूठ उघडी होती ना?"

"नव्हती," मामा म्हणाले. "मी तिथे नव्हतोच. भिंत तडकली तसा पळालो, पार फाटकापर्यंत. परत येऊन उघडली. बंद होती हे कुणाला कळू नये म्हणून."

होज आत जायचा थांबला. दोर ताणावा तसा ताणून राहिला.

मामांनी एकाएकी मान वर केली. दाराच्या फटीकडे कान दिला. बाकी कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. अंगणात नुसतं ऊन होतं.

त्यांनी दोन्ही हातांनी मूठ धरली.

"ओरडू नकोस रे," ते फटीकडे बघत म्हणाले. "तेव्हाही ऐकू आलं होतं मला."