डावीकडची वाटी

चूर्णाचा मसाज हे एकटीचं काम नव्हे. टेबलाच्या उजवीकडे एक, डावीकडे एक. गरम केलेलं कोरडं चूर्ण पावलापासून वर वर, एका तालात चोळत न्यायचं. त्या आयुर्वेदिक मसाज केंद्रात उजवी बाजू थोरल्या जावेची, डावी धाकटीची. घरी दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, पण टेबलाशी आल्या की चारही हात एकाच बाईचे वाटत. थोरली "चल गं" म्हणे, की सुरू. थांबवायचं मात्र धाकटीनं. तिनं "पुरे" म्हटल्याशिवाय थोरलीनं कधी हात उचलला नाही.

धाकटी गेली. जाताना तिनं लेकीचा डावा हात घट्ट धरला होता, आणि तेव्हापासून पोरीचा तोच हात लुळा पडला. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, कशात काही सापडेना. पोरीला आईमागे ही काकूच. थोरलीचा जीव तीळतीळ तुटे. हा हात हलला पाहिजे, एवढं एकच तिच्या मनानं घेतलं होतं.

दुपारी केंद्र रिकामं होतं. तिनं पोरीला टेबलावर उताणं निजवलं, डोळ्यांत चूर्ण जाऊ नये म्हणून पट्टी बांधली. सवयीनं दोन वाट्या भरल्या आणि दोन बाजूंना ठेवल्या. सवयीनंच तोंडातून निघून गेलं, "चल गं."

जीभ चावून तिनं उजवा पाय चोळायला घेतला. चूर्णाची खरखर आज जरा जास्तच ऐकू येत होती. खोली लहान, आवाज घुमत असेल, असं तिनं स्वतःला समजावलं.

"काकू, डाव्या हाताला ऊब कळतेय गं," पोर म्हणाली.

थोरली अजून उजव्या पोटरीशीच होती.

तिनं हात थांबवले. खरखर थांबली नाही.

पलीकडे कुणी नव्हतं. पलीकडची वाटी अर्धी झाली होती. पोरीचा डावा हात खांद्यापर्यंत चूर्णानं भरला होता, आणि बोटं हलत होती.

थोरलीच्या डोळ्यांना धार लागली. आनंदच झाला तिला, खोटं कशाला सांगा.

"ऊठ बाळा. हलली बघ बोटं!"

पोर उठू लागली. डावा हात टेबलावरून सुटेना.

"काकू, सोड ना."

"मी इकडे आहे गं. उजवीकडे."

पोरीनं हात पुन्हा ओढून पाहिला.

"पुरे," थोरली म्हणाली. "पुरे गं बाई, पुरे आता."

पण तो शब्द तिचा कधी नव्हताच. डावीकडच्या वाटीतलं चूर्ण आणखी थोडं खाली गेलं.