टेबलावरची शिट्टी

विश्वास कुणावर ठेवावा, सांगा पाहू? भागीदारावर, सख्ख्या भावावर, की स्वतःच्या कानांवर?

"कानांवर, काका!"

म्हणूनच तुमची दुकानं अजून निघाली नाहीत. अरे, मी उभा जन्म कानाची मशीनं विकली. शाळा लवकर सुटली, पण गिऱ्हाइकांनी शिकवलं. कान नुसता उंबरठा, ऐकतो तो मेंदू. आणि हा मेंदू मोठा घाईचा कारकून. माल पोचायच्या आधीच जमा मांडून मोकळा! घरचं माणूस जिना चढत असलं की त्याचं पुढचं पाऊल पडायच्या आत तुम्ही ते ऐकलेलं असतं.

ही हकीकत आमच्या कारागिराची. खिशात कायम चिमटा, म्हणून नावही चिमटा.

शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांचे यजमानही. मशीनचा कानात बसणारा तुकडा ज्याच्या त्याच्या कानाचा साचा घेऊन बनवतात. दुसऱ्याला तो बसतच नाही. दोघांचे साचे आमच्या खणात होते. यजमान वारले, त्यांचं मशीन त्यांच्याबरोबरच गेलं. महिन्याभराने मुलाचा फोन. "आईला रात्री बाबांची पावलं ऐकू येतात. मशीन बिघडलं असेल तर ठीक. नाहीतर उद्या तिला वृद्धाश्रमात ठेवतो आणि घराला कुलूप."

एकवीस नोव्हेंबर, गुरुवार. रात्री साडेनऊला चिमटा बाईंच्या घरी पोचला.

"रोज पावणेदहाला येतात," बाई म्हणाल्या. "पाय घासत जिना चढतात, टेबलाशी थांबतात, किल्ल्या ठेवतात. तू काहीही कर बाबा, पण मला या घरातून हलवू देऊ नकोस."

"मशीन काढा बघू, बाई."

त्यांनी काढलं. त्याने ते चालूच टेबलावर ठेवलं. एक ध्यानात घ्या. हे मशीन मुठीत धरलं की शिट्टी मारतं. उघड्यावर ठेवलं की गप्प.

मशीनशिवाय बाईंना ढगांचा गडगडाटसुद्धा ऐकू येत नसे. पावणेदहा झाले.

"आले," बाई म्हणाल्या.

चिमट्याने कान टवकारले. जिना शांत. त्याचा जीव भांड्यात पडला. बाईंना ओठ वाचता यावेत म्हणून तो सावकाश बोलला, "बाई, हे वेड नाही. इतक्या वर्षांची सवय. कान रिकामा राहिला की मेंदू जुनीच पावलं वाजवतो. नवं काही वाजवत नाही. मी सांगतो मुलाला."

"मग नेणार नाही ना मला?"

"छे हो!"

बाई हसल्या. मग हसू थांबलं. मान जराशी कलली.

"आज… किल्ल्या नाही ठेवल्या."

"म्हणजे?"

"टेबलाशी थांबले नाहीत… पुढे आलेत. असं कधीच करत नव्हते."

जुनं वाजतं. नवं नाही. हे चिमटाच आत्ता बोलला होता.

"कुठवर आलेत?"

बाई त्याच्याकडे बघत नव्हत्या. त्याच्या खांद्यावरून मागे बघत होत्या.

आणि टेबलावर शिट्टी वाजली.

बारीक. मग चढत गेली. कुणी मूठ आवळत जावी, तशी. बाईंचे हात मांडीवर. चिमट्याचे गुडघ्यांवर. मशीनजवळ कुणी नाही…

शिट्टी थांबली.

परत वाजली. या वेळी टेबलावर नाही. वर. माणसाच्या कानाच्या उंचीवर. त्याच्या मानेमागे.

तो वळला नाही. डोळे मिटले. किती वेळ, त्यालाही सांगता येत नाही. उघडले तेव्हा मशीन टेबलावर होतं. जागच्या जागी.

"गेले," बाई म्हणाल्या.

सकाळी मुलगा मशीन घेऊन दुकानात आला. "शेठ, आईच्या कानात हे बसतच नाहीये. पाच वर्षं बसत होतं."

मी खण उघडला. बाईंच्या साच्यात तुकडा घालून बघितला. जाईना. मग, का कोण जाणे, शेजारचा साचा उचलला. यजमानांचा.

टक्क. केस शिरायला जागा नाही.

"चिमट्याने सांगितलं, सगळा सवयीचा खेळ आहे," मुलगा म्हणाला. "आई वेडी नाही ना, शेठ? एवढंच सांगा."

"नाही," मी म्हणालो. "वेड्या नाहीत त्या."

बाई घरीच राहिल्या. दुसरं मशीन मागितलं नाही. चिमटा आता अंधार पडला की कुणाच्या घरी जात नाही.

तुम्ही हसा खुशाल. पण घरी जाताना जिन्यावर काही वाजलं, तर एवढं करा. ऐकलेलं एका बाजूला मांडा, वाटलेलं दुसऱ्या बाजूला. आणि दोन्ही बाजू जुळल्या नाहीत, तर जुळवायला खोटा आकडा घालू नका, पोरांनो. हिशोब खरा ठेवा.