सह्यांच्या वहीतलं रामनाम

"पावणं, पाय तिथंच ठेवा."

श्रावणातली भुरभुर चालू होती. हार्मोनियमची पेटी घेऊन राजारामपुरीतल्या गल्लीतून लगबगीनं निघालेले दत्तप्रसाद जागीच थबकले. समोर मीनाक्षी छत्री रोखून उभी होती.

"म्होरचं गटाराचं झाकण फुटलंय. चार अर्ज दिलेत मी."

"चार अर्ज दिल्यावर माणूस पडायचा थांबतो व्हय?"

"न्हाय. पण पडला तर कुठं पडला, त्याची नोंद सापडते."

ते मनापासून हसले. तिच्या बोलण्यावर असं कुणी हसलं नव्हतं कितीतरी वर्षांत…

मोजणी खात्यातली तेहतीस वर्षं आणि धाकट्या भावंडांची लग्नं यांत तिचं स्वतःचं लग्न राहूनच गेलं होतं. निवृत्त झाल्यावर तिनं गल्ली हातात घेतली. दिवे, गटारं, फूटपाथ सगळं. बाई लांबून दिसल्या की नगरसेवक मागच्या दारानं सटकायचा.

आता मात्र मोठंच काम पुढ्यात होतं. राममंदिरामागच्या मोकळ्या जागेत श्रावणभर कीर्तन रंगायचं, तिथं वाहनतळ करायचं महापालिकेत घाटत होतं. हरकतीला शुक्रवारी पाचपर्यंतची मुदत, आणि निदान शंभर सह्या नसतील तर कुणी ढुंकून बघणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. जागा गेली की कीर्तन गेलं. आणि कीर्तन गेलं की पेटीच्या साथीला पेठ वडगावहून येणारे हे विधुर संगीतमास्तर…

तो विचार ती पुरा करत नसे.

ती रोज पुढच्या रांगेत बसू लागली. बुवांनी अभंग उचलला की पेटीवरून एक नजर तिच्याकडं यायची.

"तुमची टाळी जरा पुढं पळते," एकदा ते म्हणाले.

"तुम्ही बघायचं थांबवा. येईल मागं."

"मग पळू दे की."

गुरुवारी तिनं कीर्तनात सह्यांची वही फिरवली. घरी येऊन उघडते तो आठ पानं नुसतं 'श्रीराम जय राम'! सही एकही नाही. भाविक बायकांच्या हातात कोरी वही पडली, त्यांनी जपाची समजून भक्तिभावानं भरून दिली. चूक त्यांची नव्हतीच. वर मजकूर लिहायला आणि रकाने आखायला मीनाक्षीच विसरली होती. तेहतीस वर्षांत न झालेली चूक. का झाली, ते रामाला ठाऊक, आणि तिला.

शुक्रवारी सकाळी तिनं फोन केला. तासाभरात दत्तप्रसादांची स्कूटर दारात. मागं मीनाक्षी, मांडीवर वही, या वेळी मजकुरासकट. पहिलं दार काल जप लिहिणाऱ्या बयाबाईंचं.

"बयाबाई, काल रामाचं नाव लिवलासा. आज तुमचं लिवा," दत्तप्रसाद म्हणाले.

"लिवते की. पण मास्तर, ह्या मागं बसल्यात त्या कोण तुमच्या?"

"ते… विचारायचं राहिलंय."

मीनाक्षीनं ऐकलं नाही असं दाखवलं. कान मात्र तापले.

पाचला सात मिनिटं असताना एकशे सतरा सह्यांची हरकत कचेरीत दाखल झाली. पंधरा दिवसांनी सुनावणी झाली आणि साहेबांनी वाहनतळ रद्द केल्याचं वाचून दाखवलं. बाहेरच्या चहाच्या गाड्यापर्यंत दत्तप्रसादांनी तिला हाताला धरून नेलं.

"देवानं ऐकलं," ती म्हणाली.

"व्हय. आता निवांत." ते बशीकडं बघत राहिले. "कीर्तनं संपली. पुढल्या श्रावणात भेटू म्हणायचं."

अकरा महिने. मग तिनं कप खाली ठेवला.

"मास्तर, मला तुमच्याशी लग्न करायचंय. एकोणसाठाव्या वर्षी लाजत बसायला येळ न्हाय मला."

त्यांनी तिचा हात धरला, लांब श्वास सोडला.

"सुटलो. हेच कसं विचारायचं म्हणून चार रात्री झोप न्हाय मला."

"व्हय म्हणालाच न्हाय अजून."

"व्हय की. व्हय… व्हय."

ते आणखी दोन चहा सांगायला उठले. तिचा हात सोडायचं मात्र त्यांच्या ध्यानातच आलं नाही, आणि तिनंही आठवण करून दिली नाही.