काकांचं शेवटचं वाक्य

सांगते, पण मधेच हसायचं नाही. हसायचं असेल तर शेवटी, तेव्हा जमलं तर.

माझं काम वेबसाइट बनवायचं. त्या दुपारी आत्याच्या रोपवाटिकेत गेले ती अगदी किरकोळ कामासाठी. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे काका, गेल्यापासून तिचं तिथे मन लागेना, म्हणून ती रोपवाटिका विकायला निघाली होती. घेणारा संध्याकाळी येणार होता. त्याआधी तिला साइटवरच्या प्रत्येक लेखाखाली ‘रोपवाटिका बंद होत आहे’ एवढी ओळ हवी होती. लेख ढीगभर. ते एकेक उघडत बसायला मी काही खुळी नव्हे. त्यासाठी फिल्टर असतो. साठवलेला लेख वाचणाऱ्यापर्यंत जाताना वाटेत एक खुंटी लागते, तिला हूक म्हणतात. तिला आपला चार ओळींचा कोड, म्हणजे फिल्टर, अडकवला, की समोरून जाणाऱ्या प्रत्येक लेखाला तो आपली शेपटी जोडून देतो. मूळ लेखाला धक्का लागत नाही.

शेडवरच्या हिरव्या जाळीमुळे भर दुपारीसुद्धा तळ्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटत होतं. ओल्या मातीचा वास होता. कुठेतरी पाइपातून पाणी ठिबकत होतं. मी कोड अडकवला आणि गुलाबाचा लेख उघडला. खाली माझी ओळ होती. तिच्याखाली आणखी एक.

‘कोण म्हणतं?’

कुणाचा तरी जुना फिल्टर राहिला असेल, म्हटलं. अनेक फिल्टर असले की प्रत्येकाला आकडा देतात. ज्याचा आकडा मोठा, तो शेवटी. मी माझा आकडा दहावरून हजारावर नेला. “आता बोल,” मी पुटपुटले.

पान पुन्हा उघडलं. माझी ओळ, आणि तिच्याखाली, ‘बोलतो की.’

मी एकेक करत सगळे फिल्टर काढले, शेवटी माझाही. खुंटी रिकामी झाली. तरी निवडुंगाच्या लेखाखाली उमटलंच, ‘पाणी बेताने. हिला सांगून थकलो.’

आणि लवंगेचा वास आला. काकांच्या तोंडात कायम लवंग असायची.

“आत्या... जरा इकडे ये.”

हात पुसत आत्या आली. चष्मा लावून तिने वाचलं. मला वाटलं, आता ही खाली बसणार. ती चिडली.

“बघ. गेले तरी शेवटचं वाक्य यांचंच.”

“म्हणजे?”

“अगं, लेख मी लिहायचे आणि मोठ्याने वाचून दाखवायचे. हे कुंड्या भरता भरता शेवटचं वाक्य सांगायचे. त्याशिवाय एक लेख बाहेर पडला नाही कधी. आता लिहायला बसते आणि शेवटाशी येऊन अडते... म्हणून तर विकतेय.”

मला भीती वाटत होती आणि रडूही येत होतं. पाइपाचं ठिबकणं थांबलं होतं.

“विचार ना त्यांना...” मी कुजबुजले.

आत्या स्क्रीनकडे वाकली. “विकू नको म्हणताय का?”

काही उमटलं नाही.

“हे असंच. सरळ विचारलं की गप्प.” तिने तिथल्या तिथे घेणाऱ्याला फोन लावला. “येऊ नका. आमचं दोघांचं अजून ठरत नाहीये.” पलीकडून त्याने बहुधा ‘दोघांचं?’ असं विचारलं असावं, कारण आत्याने फोनच ठेवला.

“लिही,” ती मला म्हणाली. “रोपवाटिका सुरू राहील. यापुढे मी एकटीच ती सांभाळणार आहे.”

मी टाइप केलं. आम्ही दोघी वाट बघत राहिलो. मग हळूहळू, एकेक अक्षर करत, खाली आलं...

‘एकटी?’

आत्या हसली, चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाली, “झाला लेख. टाक आता साइटवर.” ती गेली कुंड्या भरायला, गुणगुणत.

तिला मी अजून सांगितलेलं नाही. ती फोनवर होती तेव्हाच साइटचं पान मी बंद केलं होतं. तिने सांगितलेली वाक्यं मी माझ्याच लॅपटॉपवरच्या कोऱ्या फाइलमध्ये लिहीत होते. तिथे खुंटी नसते.