बाबा की मामा

तो एसी दुरुस्त करायला आला होता, आणि हसला. तेही नायिका मरत असताना.

जुने चित्रपट जपून ठेवणाऱ्या कचेरीत मी रिळं साफ करते, तुटलेली जोडते. त्या दिवशी टेबलावरच्या छोट्या पडद्यावर एक मूकपट चालू होता. आठातली पाचच रिळं हाती लागलेली, आणि त्यातल्या संवादांच्या पाट्याही कुणीतरी कधीच कापून नेलेल्या. नायिका नायकाच्या मांडीवर शेवटचे श्वास मोजत होती... आणि मागे स्टुलावर हा, हातात पाना, खुदकन.

“का हसलात?”

“बाई म्हणतायत — कोपर काढ, केस ओढले जातायत माझे.”

“मूकपटातलं ऐकू येतं वाटतं तुम्हाला?”

“दिसतं. माझ्या ताईला ऐकू येत नाही. आमच्या घरातली सगळी भांडणं ओठांनीच होतात.”

मी मान डोलावली आणि एकाही शब्दावर विश्वास ठेवला नाही. आदल्या वर्षी असाच एक गोडबोल्या जाणकार आला होता. त्याने सांगितलेल्या पाट्या मी छापल्या, आणि त्या निघाल्या त्याच्याच मनच्या. तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं, पुन्हा असं झालं तर तुमची रवानगी रिळांचे डबे पुसायला. आता या मूकपटाचा खेळ शनिवारी होता, आणि पाट्या पुन्हा मलाच लिहायच्या होत्या.

तरी दुसऱ्या दिवशी मी त्याला बोलावलं. एसी बिघडला म्हणून. वायर मीच ओढली होती, पण ते जाऊ दे.

मग तो रोजच यायला लागला. मी बागेतला तुकडा दाखवला. तो म्हणाला, “‘थांबशील ना?’ असं विचारतेय.” दोन दिवसांनी तोच तुकडा मी गुपचूप मध्येच घुसडला.

“‘थांबशील ना?’...” आणि माझ्याकडे वळून, “परीक्षा घेताय माझी?”

“पाठ केलं असेल तुम्ही.”

“मग नापास करा. म्हणजे पुन्हा बसायला येतो.”

घरी आई म्हणाली, “फुकट राबतोय? पाणी मुरतंय कुठेतरी.” मलाही तोच संशय होता. फक्त त्या संशयापायी मी सकाळी केस दोनदा का विंचरत होते, ते विचारू नका.

शुक्रवारी खरा पेच आला. दारात एक म्हातारा उभा राहतो, नायिका दचकून एकच शब्द बोलते, आणि पुढचं रीळ गहाळ. बाप असेल तर पोरगी पकडली गेली, मामा असेल तर सुटली. अख्खी गोष्ट त्या शब्दावर.

त्याने तो तुकडा सहा वेळा पाहिला.

“नाही सांगता येत.”

“म्हणजे?”

“‘बाबा’ म्हणा नाहीतर ‘मामा’, ओठ सारखेच मिटतात. मामा आले म्हटलं तरी आमची ताई बाबा समजून मोबाइल लपवते.”

“अहो, काहीतरी सांगा. उद्या खेळ आहे, माझी नोकरी आहे.”

“म्हणूनच नाही सांगत.”

मी पडदा बंद केला, काळ्या काचेत बघून दोन्ही शब्द पुटपुटले. खरंच, तसूभर फरक नाही. लबाड असता तर एक शब्द फेकून मोकळा झाला असता... माझा संशय पहिल्यांदाच लटपटला.

पाटीवर मी लिहिलं — ‘इथला शब्द कळत नाही.’

साहेबांनी ती दोनदा वाचली.

“हे काय?”

“कळला नाही, म्हणून तसं लिहिलं.”

“हं... राहू दे.” डब्यांचं नाव काढलं नाही त्यांनी.

खेळ संपल्यावर तो काचेच्या दारापलीकडून काहीतरी बोलला. बिनआवाजी. मी बाहेर आले.

“काय म्हणालात?”

“कूलिंग बरोबर आहे, म्हणालो.”

“खोटं.”

“मग तुम्हीच सांगा, काय म्हणालो.”

चांगलंच अडकवलं होतं मला. कान तापले, पण माघार घेईन तर मी कसली...

“तुम्ही मला आवडता — असं म्हणालात.”

“मी? छे.” तो हातातल्या पान्याकडे बघत राहिला. “पण तुम्ही म्हणताय तर... माझी ना नाही.”

लग्नाला वर्ष होत आलं. तेव्हा खरंच काय म्हणाला होता, ते अजून कबूल करत नाही. मला दाट संशय आहे — कूलिंगच.